महराटेन्सिस : छोट्या रणातला मुक्काम आणि एका अभ्यासकाची पुस्तिका

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर, झैनाबादच्या बाजूला, तीन रात्री राहून आलो. दोघींचे मिळून जेवणखाण आणि जीपच्या पाच फेऱ्या धरून ३४,००० रुपये झाले. अभयारण्याचा परवाना वेगळा. खोल्यांबद्दल आणि जेवणाबद्दल पुढे लिहिते. आधी त्या माणसाबद्दल, कारण मला विचाराल तर तिथे त्यांच्यासाठीच जावं.

मुक्काम चालवणाऱ्या कुटुंबातले ते सगळ्यांत वडीलधारे. सगळे त्यांना नुसतं ‘भाई’ म्हणतात, मीही तेच म्हणते. गेली पंचवीसेक वर्षं ते रोज रात्री वही लिहितात. कुठल्या बेटावर किती घुडखर, म्हणजे रानगाढवं दिसली, कुंज पक्ष्यांचा पहिला थवा कोणत्या तारखेला उतरला, बजाणाच्या खाडीत पाणी कुठवर आलं होतं, हे सगळं तिथे असतं. या वह्यांतून निवडून त्यांनी ९६ पानांची एक गुजराती पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापली आहे. जेवणाच्या खोलीत, लोणच्याच्या बरणीशेजारी तिचा गठ्ठा ठेवलेला असतो. बहुतेक पाहुणे चाळून परत ठेवतात. मी विकत घेतली, दोन रात्री जागून वाचली, आणि सकाळी तेच रण भाईंबरोबर पाहिलं. तेव्हा हे परीक्षण मुक्कामाचं आणि पुस्तिकेचं, दोन्हींचं आहे.

मी सोलापुरात ३१ वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर गुजरातचा नकाशा काढायचा, कच्छच्या आखाताच्या टोकाशी ठिपक्याठिपक्यांचा एक डाग द्यायचा आणि म्हणायचं, हे छोटं रण, खारट दलदल, पुढे चला. मुलांनी कधी काही विचारलं नाही आणि मीही तिथे कधी थांबले नाही. निवृत्तीनंतर तो डाग डोळ्यांनी बघायचा ठरवलं होतं.

पहिल्या दुपारी भाईंनी प्राणी दाखवायची कसलीच घाई केली नाही. काठावरची शेतं संपली, जिरं आणि एरंड मागे पडला, मग गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, विरळ झाला, आणि एकाएकी चारही बाजूंनी काहीच उरलं नाही. तिथे त्यांनी जीप थांबवून आम्हाला खाली उतरवलं. जमिनीला षट्कोनी भेगा गेल्या होत्या. एक खपली उचलून त्यांनी खालची माती बोटाने खरवडायला सांगितली. दोन बोटांवर ती ओली होती. जिभेला लावली तर कडकडीत खारट. ‘‘बेन, आपण तळात उभे आहोत,’’ ते म्हणाले. ‘‘चार महिन्यांपूर्वी इथे गुडघ्याएवढं पाणी होतं.’’

मला ठाऊक होतं ते सगळं त्या ओल्या बोटाभोवती गोळा झालं. एके काळी इथे समुद्राचा फाटा होता. नद्यांच्या गाळाने आणि जमिनीच्या उचलीने तो भरत गेला. बनास, रूपेण आणि सरस्वती या तिन्ही नद्या इथेच येऊन जिरतात. समुद्राला मिळत नाहीत म्हणून गुजरातीत त्यांना कुंवारिका म्हणतात. पावसाळ्यात वरून या नद्यांचं गोडं पाणी येतं आणि नैर्ऋत्येचा वारा आखाताचं खारं पाणी सुरजबारीच्या खाडीतून आत लोटतो. जमीन इतकी सपाट की दोन्ही पाणी पातळ थरासारखं पसरतं. जरा उंच असलेले तुकडे तेवढे वर राहतात. त्यांना तिथे ‘बेट’ म्हणतात, आपल्याच शब्दाने. आता जानेवारीत जीपमधून पाहताना ती ओसाडातली गवताची उंचवटी वाटतात, पण ऑगस्टमध्ये ती खरोखरच बेटं असतात आणि घुडखरांचे कळप तिथे दाटीवाटीने उभे राहतात.

रण हा शब्दही भाईंच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच उलगडला आहे. संस्कृतातलं ‘इरिण’, म्हणजे खारवट उजाड जमीन. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत या आखाताला ‘एइरिनॉन’ म्हटलंय आणि उथळ पाणी व सरकत्या वाळूमुळे जहाजं रुततात असा इशाराही दिलाय. हे वाचलं आणि मला आपलं ‘रणरणतं ऊन’ आठवलं. त्या दोन शब्दांचं नातं आहे की नाही हा भाषेच्या जाणकारांचा प्रश्न, पण दुपारी दीड वाजता तिथे उभं राहिल्यावर ते आठवल्यावाचून राहत नाही.

आता घुडखर. हे रानगाढव भारतात मुख्यतः इथेच उरलं आहे. वाळूच्या रंगाची पाठ, पांढरं पोट, मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा, आयाळ आखूड आणि ताठ. भाई जीप दूरच उभी करतात, इंजिन बंद करतात आणि गप्प बसतात. दहा मिनिटं काही होत नाही. मग घुडखर मान खाली घालून चरायला लागतात आणि आपण तिथे नसल्यासारखं सगळं दिसायला लागतं. माद्या आणि शिंगरं एकत्र, नर आपला प्रदेश धरून एकटा, त्याच्या हद्दीवरचे लिदीचे ढीग. शेंगांसाठी ते गांड्या बावळाखाली जातात. हे झाड परदेशातून आलेलं आणि आता सगळीकडे माजलेलं, पण त्याचं बी या लिदीतूनच पसरतं, हे भाईंनी काडीने ढीग उकलून दाखवलं.

पुस्तिकेतले आकडे मी इथे देते, कारण ते लक्षात राहण्यासारखे आहेत. १९६० च्या आगेमागे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि घोड्यांच्या आफ्रिकी साथीने इथले कळप कोसळले. १९६९ च्या गणनेत फक्त ३६२ घुडखर सापडले. पुढे १९७३ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं. २०२० च्या गणनेत ६,०८२ आणि २०२४ मध्ये ७,६७२. आपल्याकडे असे आकडे उलट्या दिशेने जाताना बघायची सवय झाली आहे. मी सोलापूरजवळच्या नान्नजला शाळेची सहल नेत असे, तेव्हा मुलांना माळढोक दाखवलाय. माळावर चालणारा तो उंच पक्षी पाहून चाळीस मुलं एकदम गप्प झालेली मला आठवतात. आता तिथे माळढोक दिसणं जवळजवळ थांबलंय. म्हणून ३६२ वरून साडेसात हजारांवर गेलेला आकडा मी वहीत दोनदा लिहून घेतला.

या वाढीची दुसरी बाजू भाईंनी लपवली नाही. वाढलेले घुडखर रात्री शेतात शिरतात. जिरं, कपाशी, काही सोडत नाहीत. पुस्तिकेतलं एक प्रकरण काठावरच्या शेतकऱ्यांवर आहे. रात्रभर मचाणावर बसून थाळी वाजवणाऱ्या माणसांबद्दल त्यात एकही कडू शब्द नाही आणि घुडखरांबद्दलही नाही. त्यांचं स्वतःचं जिरंही दोनदा गेलंय. ते एका ओळीत येतं आणि पुढच्या ओळीत लगेच पाऊस सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी. यासाठीच मी शीर्षक असं दिलंय.

थंडी चांगलीच होती, शाली डोक्यावरून घेतल्या होत्या. सूर्य वर आल्यावर भाईंनी एका बेटाच्या कडेला जीप थांबवली आणि समोरच्या खारट झुडुपांकडे बोट केलं. मला माती दिसली. बहिणीलाही मातीच दिसली. भाई म्हणाले, ‘‘डावीकडचं झुडूप, त्याच्या सावलीची कड, तिथून एक हात अलीकडे.’’ दुर्बीण लावून मी पाच मिनिटं मातीच पाहत होते. मग मातीचा डोळा दिसला. अर्धवट मिटलेला. त्या डोळ्याभोवती हळूहळू एक पक्षी गोळा झाला, फिक्या राखाडी वाळूच्या रंगाचा, जमिनीला चिकटून बसलेला रातवा. अंगावरचे बारीक ठिपके त्या भेगाळ चिखलासारखेच. दिवसभर हा असाच बसतो आणि दिवेलागणीला किडे टिपायला उडतो.

‘‘हा तुमचा पक्षी आहे, बेन,’’ भाई म्हणाले. मला वाटलं, माझ्या नशिबाने दिसला असं त्यांना म्हणायचंय. त्यांनी वही काढून पान उघडलं. गुजराती नोंदीखाली शास्त्रीय नाव लिहिलं होतं : कॅप्रिमल्गस महराटेन्सिस. महराठ्यांच्या मुलखातला.

हे नाव दिलं कर्नल विल्यम साइक्स यांनी, १८३२ मध्ये. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये या साइक्सना मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं होतं. जमीन, पिकं, माणसं यांच्याबरोबर ते पक्षीही नोंदवत गेले आणि दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या माळावरचा साइक्सचा चंडोल त्यांच्याच नावाचा. सोलापूरच्या वाटेवर दगडांवर बसलेला तो चंडोल मी आयुष्यभर पाहत आले, पण त्याच माणसाने एका रातव्यालाही आपल्या मुलखाचं नाव दिलंय हे मला एका गुजराती शेतकऱ्याने, सातशेहून जास्त किलोमीटर दूर, खारट चिखलात उभं राहून सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीने पाठीवर हात ठेवला. भाईंनी वही मिटली आणि आम्ही दूरवर वळसा घालून निघालो, म्हणजे पक्ष्याला उडावं लागू नये. तो उडाला नाही.

अशा मार्गदर्शकाचं मोल पैशात कसं सांगावं मला कळत नाही. दुसरा कोणी असता तर मी त्या रातव्यावरून चालत गेले असते.

बाकी पक्ष्यांबद्दल थोडक्यात. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले कांड्या करकोचे, म्हणजेच तिथले कुंज, सकाळी ओळीने ओरडत जाताना रोज दिसले. बजाणाच्या पाण्यावर दोन्ही जातींचे रोहित होते. मोठे चिखलातले बारीक जीव गाळून खातात, छोटे पाण्यातलं निळंहिरवं शेवाळ. संध्याकाळी गवतावर भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, उतरताना पाहिले. तिसऱ्या दिवशी दूरवर एक हौबारा चालताना दिसला, माळढोकाचाच नातलग, आकाराने लहान. त्याची चाल पाहताच आम्ही दोघीही काही बोललो नाही.

तिसऱ्या दुपारी भाईंनी आम्हाला एका अगरिया, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या कुटुंबाकडे नेलं. मिठाच्या पाट्यावर. नवरात्र झालं की ही कुटुंबं रणात येतात, विहीर खणतात आणि पुढचे सात-आठ महिने तिथेच राहतात. विहिरीतून येणारं पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असतं. ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटवत नेतात. खारटपणा मोजायला काचेची नळी असते, तिच्यावर बोमेचे अंश. चोवीस-पंचवीस अंशांना मीठ धरायला लागतं. मग रोज लाकडी दंताळ्याने ते विंचरायचं, नाहीतर खडे एकमेकांत जमून लादी होते. दंताळं! घरात कुणी शेती केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचा शब्द. त्या घरातली बाई ते ओढत होती. मी हातात घेऊन पाहिलं आणि चार हात ओढल्यावर खांदा भरून आला. ती पहाटेपासून ओढत होती. वडागरू म्हणतात ते खडेमीठ असं तयार होतं. पूर्वी डिझेलच्या पंपातच मिठाची निम्मी कमाई जायची. आता सौर पंप आल्यापासून थोडं हाती उरतं, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. पण ज्या जमिनीवर त्याचे आजोबा मीठ पिकवत होते ती अभयारण्याच्या हद्दीत आहे आणि तिच्यावर त्याच्या नावाचा कागद नाही. हे सांगताना तो मोजत होता त्या नळीकडेच पाहत होता.

इथेच पुस्तिकेबद्दलची माझी पहिली तक्रार येते. अगरियांवर तीन पानं आहेत आणि त्यांत बाई एकदाही नाही. विहीर पुरुष खणतो हे खरं, पण दंताळं कुणाच्या हातात होतं ते मी पाहिलंय. हे मी भाईंना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरी तक्रार इतिहासाच्या प्रकरणाबद्दल. झिंझुवाड्याची सोलंकी काळातली वेस, तिच्यावरचं कोरीव काम, हे सगळं छान लिहिलंय. वच्छराज बेटावरच्या वाछडा दादाची कथाही, जो लग्नाच्या मांडवातून उठून गाई सोडवायला गेला आणि तिथेच पडला. पण ऐकीव गोष्ट कुठली आणि दगडावर वाचता येतं ते कुठलं, हे त्या प्रकरणात वेगळं ठेवलेलं नाही. पक्ष्यांच्या नोंदींमध्ये हाच माणूस ‘लांबून पाहिला, खात्री नाही’ असं प्रामाणिकपणे लिहितो. तीच शिस्त इतिहासाला लावायला हवी होती. आणि नकाशा नाही. छोट्या रणावरच्या पुस्तकात नकाशा नाही! तिसऱ्या रात्री मी वहीच्या जोडपानावर एक काढून दिला, बेटं, खाडी, तिन्ही नद्या आणि काठावरची गावं दाखवून. भाईंनी चार बेटांच्या जागा दुरुस्त केल्या. पुढच्या छपाईत तो घालायचा विचार आहे म्हणाले.

पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं प्रकरण पावसाळ्याचं. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं, पाहुणा नसतो, आणि तेव्हा रणात काय होतं हे काठावर राहणाऱ्यालाच लिहिता येतं. पाणी पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसलं याची वर्षानुवर्षांची यादी आहे. ज्या वाटेने आम्ही जीपमधून गेलो त्याच वाटेवर माणसं झिंगे धरतात, या रणात वाढून मग आखाताकडे परतणारे झिंगे. अलीकडे कालव्यांचं जास्तीचं पाणी हिवाळ्यातही रणात उतरतं, पाट्यांवरचं मीठ विरघळतं आणि जिथे नसायला हवं तिथे गवत येतं. हा बदल कुठल्या वर्षापासून, कुठल्या बाजूने, हे त्यांनी तारखांसह दिलंय. आणि २६ जानेवारी २००१ ची, भूजच्या भूकंपाच्या दिवसाची नोंद. त्या सकाळी रणाच्या जमिनीतून वाळू आणि पाणी उसळून वर आलं होतं. चार ओळींची नोंद आहे. कुठेही मोठा शब्द नाही. मी ती तीनदा वाचली.

एक प्रसंग मात्र त्रासाचा. दुसऱ्या दुपारी दुसऱ्या कुठल्यातरी मुक्कामाची जीप घुडखरांच्या मागे भरधाव धावत होती, आत पाहुणे मोबाइल धरून उभे. कळपात शिंगरू होतं. भाई ओरडले नाहीत. वहीत वेळ लिहिली आणि रात्री त्या मालकाला फोन केला. आपण कुठेही उतरलात तरी चालकाला पाठलाग करू देऊ नका.

आता सोयींबद्दल. खोल्या मातीच्या भिंतींच्या, स्वच्छ. रजया पुरेशा. गरम पाणी सकाळी सातनंतर, पण फेरी साडेसहाला निघते, तेव्हा आदल्या संध्याकाळीच अंघोळ करावी. जेवण साधं आणि उत्तम : बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत, ताक. मुक्कामावरची दुर्बीण धूसर आहे, स्वतःची न्या. तिसऱ्या सकाळी न विचारता आमच्या जीपमध्ये आणखी तिघं बसवले आणि मुलं सारखी बोलत असल्याने त्या फेरीत फारसं काही दिसलं नाही. तक्रार केली तेव्हा भाईंच्या मुलाने त्या फेरीचे पैसे कमी केले. जीप उंच आहे, बहिणीला गुडघ्याचा त्रास, तर चढायला लाकडी पाट मागावा लागला. रणात आडोसा नाही, बायकांनी हे लक्षात घेऊनच पाणी प्यावं आणि वेळ ठरवावी.

विरमगाम स्टेशनवरून गाडीने तासाभराचा रस्ता. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, मार्चमध्ये दुपारी फिरणं कठीण. पुस्तिका १५० रुपयांना, फक्त तिथेच मिळते. गुजराती लिपी येत नसेल तरी घ्या. शिरोरेघ नसलेली अक्षरं दोन संध्याकाळींत सरावतात आणि अडलं तर भाई शेजारी बसून वाचून दाखवतात.

नोंदणी करताना एक गोष्ट विचारून घ्या : फेरीला भाई स्वतः येणार आहेत का. मुलगा गाडी छान चालवतो, नजरही तीक्ष्ण आहे. पण वही भाईंच्या खिशात असते.